गाडी गेली, ट्यूनर राहिला: त्याचं कुलूप कसं उघडायचं?

(भाग ४१ चं लेखी रूप. ज्यांना कानात इयरफोन घालण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी. बोललो तसंच ठेवलंय, फक्त 'म्हणजे काय आहे ना' तेवढं कमी केलंय.)



गेल्या आठवड्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. अमेरिकेतच असतो, वय असेल पंचविशीचं. म्हणतो, "दादा, माझा पिकअप ट्रक अपघातात गेला. विम्याचे पैसे आले, त्यात तसाच दुसरा ट्रक घेतला. जुन्या ट्रकचा ट्यूनर माझ्याकडेच आहे. तो नव्या ट्रकला लावला तर स्क्रीनवर येतंय की ही गाडी वेगळी आहे. चारशे डॉलरची वस्तू आहे, पैसे मी दिलेत, आणि ती मलाच ओळखत नाही. आता काय करू?"

मेसेज ऐकून मला हसूही आलं आणि पोटात गोळाही आला. कारण हे सगळं माझ्या बाबतीत घडून गेलंय. म्हणून आजचा भाग त्याच्यासाठी, आणि ज्यांची गाडी अजून धडधाकट आहे त्यांच्यासाठी तर जास्तच. का ते शेवटी कळेल.

आधी ट्यूनर म्हणजे काय

भारतातून ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. आजच्या गाडीचं इंजिन एका छोट्या कॉम्प्युटरच्या हुकमावर चालतं. डिझेल किती सोडायचं, कधी सोडायचं, टर्बोचा दाब किती ठेवायचा, गिअर कधी बदलायचा, हे सगळं त्याच्या आतल्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. त्या कॉम्प्युटरला ईसीयू म्हणतात. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ एक सोळा पिनांचं सॉकेट असतं, ते ओबीडी पोर्ट. अमेरिकेत १९९६ पासून मोटारींना ते सक्तीचं आहे. मेकॅनिक त्यालाच स्कॅनर लावून 'चेक इंजिन'चा दिवा का लागला ते बघतो.

ट्यूनर हा त्याच पोर्टला लागणारा, मोठ्या मोबाइलएवढा डबा. तो दोन कामं करतो. आधी गाडीतली कंपनीची मूळ फाइल वाचून स्वतःच्या पोटात जपून ठेवतो. मग तिच्या जागी बदललेली फाइल लिहितो. काहींना जास्त ताकद हवी असते. मला हवी होती ट्रेलर ओढण्यासाठी. आमचा कॅम्पिंगचा ट्रेलर होता, आणि टेक्ससच्या हिल कंट्रीतल्या चढांवर गिअर सारखा वरखाली व्हायचा. त्यासाठी टोइंगची फाइल टाकली होती. धुराच्या यंत्रणेला हात लावला नव्हता. हे आत्ताच सांगून ठेवतो, पुढे कामाला येणार आहे.

आता कुलुपाची गोष्ट. ट्यूनर गाडीला लावला की पहिल्यांदा तिचा व्हीआयएन वाचतो. व्हीआयएन म्हणजे गाडीचा सतरा अक्षरी ओळख क्रमांक. १९८१ पासून तो सतरा अक्षरांचाच आहे, आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. ज्या क्षणी तुम्ही पहिल्यांदा फाइल टाकता, त्या क्षणी डबा त्या व्हीआयएनला बांधला जातो. इथले लोक त्याला चक्क 'मॅरीड' म्हणतात. लग्न लागलं! घटस्फोटाचा मार्ग एकच. त्याच गाडीला तोच डबा लावायचा, मूळ फाइल परत टाकायची, की डबा मोकळा. मग तो दुसऱ्या गाडीला चालतो.

पण गाडीच राहिली नाही तर?

माझं काय झालं

२०१७ चा ऑगस्ट. आम्ही ह्यूस्टनच्या पश्चिमेला, बार्कर जलाशयाच्या मागच्या वस्तीत राहायचो. २५ ऑगस्टला हार्वी चक्रीवादळ टेक्ससच्या किनाऱ्यावर रॉकपोर्टजवळ आलं आणि नंतर पुढे जायचं नावच घेईना. पाऊस पडतच राहिला. नेदरलँड नावाच्या गावात त्या वादळात साठ इंचांहून जास्त, म्हणजे दीड मीटरच्या वर पाऊस मोजला गेला. आमच्याकडे पाणी आलं ते जलाशय भरून मागे फुगल्यामुळे. रात्री रस्त्यावर घोट्याएवढं होतं, सकाळी ट्रकच्या दाराच्या कडीला लागलं. आम्हाला शेजाऱ्याच्या बोटीतून बाहेर काढलं. मुलगा चार वर्षांचा होता, तो विचारत होता की ट्रकला पोहता येतं का.

ट्रक होता २०१२ चा फोर्ड एफ-२५०, ६.७ लिटरचं पॉवर स्ट्रोक डिझेल इंजिन. पाणी सीटच्या वर जाऊन बरेच दिवस तसंच राहिलं. ट्यूनर मात्र वाचला, कारण मी तो उन्हाने काच तापते म्हणून काढून वरच्या मजल्यावर ड्रॉवरमध्ये ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी बाबांचा सांगलीहून फोन. त्यांनी २००५ चा कृष्णेचा पूर बघितलेला. आम्ही सुखरूप आहोत कळल्यावर त्यांचं पुढचं वाक्य होतं, "फोटो काढलेस का? पाण्याची खूण दिसली पाहिजे. पंचनाम्याला तेच लागतं." मी म्हटलं, बाबा, अमेरिकेत पंचनामा नसतो. ते म्हणाले, "नाव काहीही असू दे. नुकसान झालं म्हणून कुणीतरी लिहून द्यावं लागतं, आणि ते लिहून घेईपर्यंत तू काही हलवायचं नाहीस."

खरं सांगतो, मला तेव्हा चीड आली होती. घर गेलंय, आणि हे फोटोबद्दल बोलतायत. पण परत जाता आलं तेव्हा मी फोटो काढले. दारावर चिखलाची रेघ होती, तिचा. डॅशबोर्डच्या कोपऱ्यात काचेतून व्हीआयएनची पट्टी दिसते, तिचा. आतल्या चिखलाचा. नंतर विम्याचा माणूस आला, त्याने ट्रक टोटल लॉस ठरवला. टायटल, म्हणजे मालकीचा कागद, मी सही करून दिला, आणि टोइंगवाला ट्रक घेऊन गेला. ट्यूनरचा विचार माझ्या डोक्यातसुद्धा नव्हता.

दीड महिन्यानंतर ऑस्टिनच्या बाजूला जाऊन, पुरात न भिजलेला, २०१५ चा एफ-२५० घेतला. इंजिन तेच ६.७. घरी आणला, ट्यूनर लावला. स्क्रीनवर आलं: व्हीआयएन जुळत नाही.

कुलूप का असतं

तेव्हा पहिला विचार तुमच्या मनात येतो तोच आला. ही लूट आहे. मी पैसे दिले, वस्तू माझी.

ही भावना खोटी नाही. २०१५ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसपुढे जॉन डिअर या ट्रॅक्टर कंपनीने असं मांडलं होतं की गिऱ्हाइकाला यंत्रातलं सॉफ्टवेअर चालवण्याचा फक्त परवाना मिळतो, तोही यंत्राच्या आयुष्यापुरता. लोक भडकले. त्याच वर्षी गाडीची दुरुस्ती आणि कायदेशीर बदल करण्यासाठी तिच्यातल्या सॉफ्टवेअरचं कुलूप उघडायला कॉपीराइट कायद्यात सूट मिळाली, आणि दर तीन वर्षांच्या फेऱ्यात ती पुढे चालू राहिली. पण ती सूट गाडीतल्या सॉफ्टवेअरबद्दल आहे. ट्यूनरचं कुलूप उघडून देण्याची सक्ती ती कुणावर करत नाही.

मग मी कंपनीच्या सपोर्टला फोन केला. तिथल्या मुलीने शांतपणे समजावलं, आणि त्यात तथ्य होतं. कुलूप दोन कारणांसाठी असतं. एक उघड आहे. कुलूप नसेल तर एक डबा घेऊन माणूस गल्लीतल्या दहा ट्रकांत फाइल टाकेल, कंपनीला पैसे एकाचेच. दुसरं कारण मला माहीत नव्हतं. डब्याच्या पोटात माझ्या २०१२ च्या ट्रकची मूळ फाइल होती. २०१५ पासून त्याच ६.७ इंजिनला फोर्डने वेगळा टर्बो दिला. २०१२ चं इंजिन ४०० हॉर्सपॉवरचं, २०१५ चं ४४०. समजा कुलूप नसतं आणि मी गडबडीत 'मूळ फाइल परत टाका' हे बटण दाबलं असतं, तर एका ट्रकची फाइल दुसऱ्याच ट्रकच्या कॉम्प्युटरमध्ये जायला निघाली असती. सगळं नशिबाने नीट असेल तर ती नाकारली जाते. नशीब वाईट असेल तर ट्रक दारात उभाच राहतो आणि टो करून डीलरकडे न्यावा लागतो.

तुमच्या भाषेत सांगायचं तर हे सेकंडहँड फोनसारखं आहे. फोन तुमच्या हातात, पण त्यावर आधीच्या माणसाचा अकाउंट. लॉक काढायचं तर त्या माणसाने साइन आउट करायला हवं, नाहीतर बिल दाखवावं लागतं. इथे गंमत इतकीच की 'आधीचा माणूस' म्हणजे तुमचाच ट्रक, आणि तो आता साइन आउट करायला येऊ शकत नाही.

मग उघडलं कसं

सपोर्टने चार गोष्टी मागितल्या. डब्याचा सिरिअल नंबर. खरेदीची पावती. जुन्या ट्रकचा व्हीआयएन. आणि ट्रक खरंच गेला याचा पुरावा, म्हणजे विमा कंपनीचं टोटल लॉसचं पत्र, ज्यावर तोच व्हीआयएन असेल. गाडी चोरीला गेली असेल तर पोलिसांच्या रिपोर्टची प्रत आणि विम्याने क्लेम मिटवल्याचं पत्र.

पावती कागदाची होती, ती पाण्यात गेली. पण ऑनलाइन घेतल्यामुळे ईमेल सापडला. विम्याच्या पत्रात व्हीआयएनचं एक अक्षर चुकलेलं होतं. सतरामधलं एक! कंपनी म्हणाली, नंबर जुळत नाही, पत्र दुरुस्त करून आणा. आणि तेव्हा ह्यूस्टनमधल्या प्रत्येक विमा कंपनीच्या फोनवर तासतासभर थांबावं लागत होतं. मग मी बाबांनी काढायला लावलेला फोटो पाठवला: चिखलाने माखलेला डॅशबोर्ड आणि त्यात स्पष्ट दिसणारी व्हीआयएनची पट्टी. त्यावर काम झालं. त्या रात्री सांगलीला फोन करून कबूल केलं की अमेरिकेतही पंचनामा असतो.

पुढचं सोपं होतं. डबा यूएसबीने विंडोजच्या लॅपटॉपला जोडायचा, कंपनीचं अपडेट सॉफ्टवेअर उघडायचं, तिकडून ते कुलूप काढतात. फी भरावी लागली, पण नव्या डब्याच्या किमतीच्या पाव हिश्शाहून कमी. कुलूप काढताना डब्यातली जुन्या ट्रकची मूळ फाइल पुसली गेली. ते होणारच, तयारी ठेवा. मग २०१५ च्या फाइल उतरवल्या, ट्रकच्या बॅटरीला चार्जर लावला, कारण फाइल लिहिताना व्होल्टेज पडलं तर काम अर्धवट राहतं, आणि डबा नव्या ट्रकला बांधला गेला.

इथे तीन खाचखळगे आहेत. पहिला: कुलूप उघडलं म्हणजे डबा कुठल्याही गाडीला चालेल असं नाही. फोर्डसाठी बनलेला डबा रॅमच्या कमिन्स इंजिनला किंवा शेव्हरोलेच्या ड्युरामॅक्सला चालेलच असं धरू नका. नवी मॉडेल तर आणखी अवघड. २०१८ पासून रॅमच्या गाड्यांत सिक्युरिटी गेटवे नावाचा पहारेकरी आलाय, आणि २०१७ पासूनच्या ड्युरामॅक्सचा ईसीयू तर कंपनीने असा बंद केला की नुसता पोर्टला डबा लावून भागत नाही. म्हणून आधी नव्या गाडीचं मॉडेल आणि वर्ष सपोर्टला सांगा, मगच कुलपाची फी भरा. दुसरा: एखाद्या दुकानातून खास बनवून घेतलेली फाइल असेल तर ती त्या गाडीपुरतीच असते. डबा मोकळा झाला तरी फाइल बहुतेक पुन्हा विकत घ्यावी लागते. तिसरा: डबा सेकंडहँड घेताना विकणाऱ्याला सांगा, तो चालू करून 'कुठल्याही गाडीला बांधलेला नाही' हा स्क्रीन दाखव. पावती त्याच्या नावावर, ट्रक त्याचा, मग पुरावा तुम्ही कुठून आणणार?

आणि हेही ऐका. कुलूप असताना डबा अगदीच निकामी नसतो. माझा डबा त्या काळातही नव्या ट्रकवर ट्रान्समिशनचं तापमान दाखवत होता आणि फॉल्ट कोड वाचत होता. फक्त फाइल लिहीत नव्हता. म्हणजे घाईत दीडशे डॉलरला फुंकून टाकायची गरज नाही.

पार्किंगमधला माणूस

मधल्या काळात एक भेटला. पार्किंग लॉटमध्ये माझा ट्रक बघून आला. म्हणाला, तुझा डबा मी दहा मिनिटांत फोडतो, वर धुराची यंत्रणाही बंद करून देतो, ट्रक उडेल. मोह झाला. दोन आठवडे फोनवर ताटकळलेल्या माणसाला दहा मिनिटं हा शब्द फार गोड लागतो.

मी नाही म्हटलं, त्याचं कारण सांगतो. कुलूप उघडणं एक आणि धुराचे फिल्टर बंद करणं दुसरं, पण बाजारात हे दोन्ही एकाच माणसाकडे, एकाच पॅकेजात मिळतं. अमेरिकेच्या क्लीन एअर ॲक्टमध्ये ही छेडछाड बेकायदा आहे. पर्यावरण खात्याने, म्हणजे ईपीएने, नोव्हेंबर २०२० मध्ये एक अहवाल काढला. त्यांच्या अंदाजाप्रमाणे साधारण दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची धुराची यंत्रणा काढून टाकली होती. त्यांनी जो जादा धूर सोडला तो रस्त्यावर नव्वद लाख नवे ट्रक आणण्यासारखा होता. असे डबे विकणाऱ्या कंपन्यांवर कारवाई होते, आणि कंपनी बंद पडली की सपोर्ट बंद. मग तुमच्याकडे टोटल लॉसचं पत्र असो की ब्रह्मदेवाचं, कुलूप उघडणारं कुणी उरत नाही. म्हणून ट्यूनर घेताना कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा, म्हणजे कार्बचा, मंजुरी क्रमांक आहे का ते बघा. तो असेल तर तुमच्या गाडीसाठी ती वस्तू तपासून मंजूर झालेली आहे.

महाराष्ट्रातल्या मित्रांनो, तुमच्याकडे ईसीयू रीमॅपचं वेड वाढलंय ते मला इन्स्टावर दिसतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतरचं कलम १८२ए एकदा वाचा. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रीमॅप करणार असाल तर आधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारा, नंतर नाही.

आता मुख्य सल्ला

ज्यांची गाडी अजून दारात आहे त्यांनी आज रात्री दहा मिनिटं द्या. ट्यूनरच्या मागचा सिरिअल नंबर, खरेदीची पावती, व्हीआयएनची पट्टी, विम्याची पॉलिसी, या चारांचे फोटो काढा आणि क्लाउडवर टाका. नुसत्या फोनमध्ये नको, फोनही पाण्यात जातो. पॉलिसीत बाहेरून लावलेल्या वस्तूंना किती संरक्षण आहे तेही बघा. बऱ्याच पॉलिसींत त्याला मर्यादा असते, आणि पावती नसेल तर तेही मिळत नाही.

अपघात झाला आणि ट्रक टोइंग यार्डात गेला, तर टायटलवर सही करायच्या आधी यार्डात जा. सही होईपर्यंत ट्रक तुमचा आहे, आणि आतलं सामान काढायला तसंही जावं लागतंच. यार्डवाल्याची आणि विम्याच्या माणसाची परवानगी घ्या, चावी मागून घ्या. डॅलसच्या माझ्या एका मित्राला मागून ट्रेलरने ठोकलं. चेसिस वाकली, पण पुढचं इलेक्ट्रॉनिक्स शाबूत होतं. मी त्याला हेच सांगितलं. तो जंप स्टार्टर घेऊन गेला, इंजिन बंद ठेवून चावी ऑन केली, ट्यूनर लावला आणि मूळ फाइल परत टाकली. पंधरा-वीस मिनिटांत डबा मोकळा. पत्र नको, फी नको. आणि एक गोष्ट लक्षात घ्या, असे ट्रक लिलावात विकले जातात, कुणीतरी दुरुस्त करून चालवतो. त्या अनोळखी माणसाला बदललेली फाइल न कळता देण्यापेक्षा मूळ फाइल टाकून देणं जास्त सचोटीचं आहे.

इलेक्ट्रॉनिक्स मेलेलं असेल, आग लागली असेल, माझ्यासारखं बुडालं असेल, तर मग कागद. टोटल लॉसचं पत्र हातात आलं की आधी त्यातला व्हीआयएन एकेक अक्षर ताडून बघा. चूक तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या, कारण क्लेम मिटल्यावर तुमचा फोन कुणी उचलत नाही.

ज्याने मेसेज केला त्या मित्राला: तुझं पत्र अजून ईमेलमध्ये असणार. आज ते शोध, नंबर ताड, आणि उद्या सकाळी सपोर्टला फोन कर. आवाज चढवू नकोस. तिकडे बसलेल्या माणसाला तुझा ट्रक दिसत नाही, त्याला फक्त कागद दिसतो. तो नीट दिला की बहुतेक वेळा काम होतं.

आमचा २०१५ चा ट्रक अजून चालतोय. मुलगा आता बारा वर्षांचा झालाय, ट्रेलर मागे घेताना तोच मला हाताने खुणा करतो. आणि हातमोज्यांच्या कप्प्यात एक प्लॅस्टिकची फाइल आहे, तिच्यावर बाबांनी मागच्या वेळी आले तेव्हा मार्करने लिहून ठेवलंय: पंचनामा.

तुमच्याकडे असा बांधलेला डबा पडून असेल तर कुठली गाडी, कुठलं वर्ष ते व्हॉइस मेसेजवर सांगा, पुढच्या भागात उत्तर देतो. तोवर काळजी घ्या, गाडी जपून चालवा. भेटू लवकरच.